बर्फाची चौकशी

“वरून सगळं कोरडंच असतंय, सर. मधी हात घालून पाहावं.”

असे म्हणून माझे शेजारी उजवा हात कोपरापर्यंत कापसाच्या गाडीत खुपसत, आतला मूठभर कापूस ओढून घट्ट दाबत आणि मूठ उघडत. कापूस फुलून वर आला तर माल कोरडा. गोळा तसाच राहिला तर वजनासाठी कोणीतरी पाणी शिंपडलेले. परभणीतल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, त्यांनी उभी हयात अशी खरेदी केली. मी शाळेत भूगोल शिकवीत असे, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. वाचकहो, अशा माणसाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: संशय हा त्याचा स्वभाव नंतर होतो, आधी तो त्याचा पोटाचा धंदा असतो.

पुतणीला पिंगळी गावचे स्थळ आले, तेव्हा ते कोणालाही न कळवता तिथे गेले, मुलाच्या घरासमोरच्या हॉटेलात बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुलाविषयी विचारीत राहिले. संध्याकाळपर्यंत गावालाच वाटू लागले की मुलात काहीतरी खोट असणार. मुलाकडची माणसे दुखावली आणि चांगले स्थळ मोडले.

“चौकशीनं मोडतंय ते पक्कं नव्हतंच,” एवढेच ते म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता जपानात नोकरीला होती. चार वर्षे ती घरी आली नव्हती. एका दिवाळीत तिने उलट आईवडिलांनाच तिकडे बोलावले, आणि तेही उत्तरेकडच्या एका बर्फाच्या डोंगरावर. पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरायचे. बर्फ पिठासारखा भुरभुरीत असतो, असे तिने कळवले.

ते तडक माझ्याकडे आले. मी नकाशा उघडून समजावले. सायबेरियाचा थंड वारा समुद्रावरून येताना बाष्प उचलतो. डोंगर आडवा आला की त्याचा बर्फ होऊन पडतो. थंडी कडक, म्हणून तो हलका आणि कोरडा.

“समुद्रावरून येऊन कोरडा? पोरायला असंच शिकवलं का तुमी?”

स्टेशन रोडवरच्या प्रवास कंपनीत मीही सोबत गेलो.

“बर्फ पडलाच न्हाई तर?” त्यांनी विचारले.

“काका, तिथं पडतोच,” एजंट म्हणाला.

“माल कोरडाच हाय म्हणणारे लय पाहिले मी.”

मग विम्याची गोष्ट निघाली. पाय मोडल्यास खर्च मिळेल, असे एजंटाने सांगितले. रस्त्यावर आल्यावर हे मला म्हणाले, “पाय मोडणार हे ह्यायनं आधीच धरून ठेवलंय.”

खरी शंका मात्र वेगळीच होती. “लेक एवढ्या दिवसांनी बोलवायलीय, अन् घर दाखवायचं सोडून डोंगर दाखवायलीय. कशापायी?”

उत्तर एका व्हिडिओ कॉलवर मिळाले. त्या वेळी मी त्यांच्याच बैठकीत होतो. प्राजक्ता बोलत होती आणि तिच्या मागे भिंतीला पट्ट्यांचे दोन जोड टेकवून ठेवलेले दिसत होते.

“तो लांब जोड कुणाचा गं? तुझ्या मापाचा न्हाई.”

तिने मागे वळून पाहिले. “त्याच्यासाठीच बोलावलंय, बाबा. तो इथं घसरायला शिकवतो. जपानी आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतोय.”

“मग इकडं आणायचं व्हतं.”

“आणलं असतं. पण त्याच्या आधी तुम्ही त्याच्या गावात जाऊन हॉटेलात बसला असता. ताईचं मोडलं तसं मला माझं मोडू द्यायचं नव्हतं.”

त्यांनी फोन बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हाती दिला आणि ते अंगणात गेले. वहिनींच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांना बहुधा सर्व ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त चौकशी करणाऱ्याला.

पुढे कित्येक दिवस तिकिटांचे नाव निघाले नाही. एका सकाळी ओट्यावर बसून ते म्हणाले, “सर, जपानात तुमच्या वळखीचं कुणी हाय का?”

“नाही.”

“म्हणजे इचारायची सोयच न्हाई.”

आत वहिनी भाजी निवडत होत्या. “लेकीला इचारा की,” त्या तिथूनच म्हणाल्या. “साऱ्या गावाला इचारता, घरात तेवढं न्हाई.”

मग त्यांनी फोन लावला. मला वाटले, आता पगार, खानदान, शेतीवाडी सगळे निघणार.

“बर्फात तू पडलीस की तो काय करतो?” त्यांनी विचारले.

“थांबतो. मी आपली आपण उठेपर्यंत पुढं जात नाही. पहिल्या दिवशी त्यानं घसरणं शिकवलंच नाही, बाबा. उठणं शिकवलं.”

“हसतो का?”

“मी हसले तर.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुपारी दोघांचे पासपोर्ट घेऊन ते एकटेच स्टेशन रोडला गेले.

जानेवारीत ऐन खरेदीच्या दिवसांत त्यांच्या घराला कुलूप होते. भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे, आणि मला करमेना. अशातच वहिनींनी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. पांढऱ्या उतारावर एक उंच तरुण त्यांचे दोन्ही हात धरून, स्वतः उताराकडे पाठ करून, हळूहळू मागे घसरत चालला आहे. गुडघे वाकवून हे त्याच्यामागून ओढले जात आहेत. डोळे मात्र त्याच्या खांद्यापलीकडच्या उतारावर रोखलेले. त्या तरुणाला मराठीचा गंधही नाही. तरी यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो:

“मागं पाहा, जावईबापू. आमाला काय होत न्हाई, तुमी पडताल.”