इरा येणार होती ते वर्ष

इरा आणि निहार,

फोनवर तुम्ही माझ्या आवाजावरून अंदाज बांधता, म्हणून हे लिहून पाठवते आहे. इरा, रविवारी तू पुन्हा पुन्हा विचारलंस, "आजी, तुला खरंच चालेल ना?" याचं नीट उत्तर द्यायचं तर गिरगावपासून सुरुवात करावी लागेल.

चाळ पाडायची ठरली आणि मी परळला निघाले त्या सकाळी टेम्पो खाली उभा होता. शेजारच्या सुमनताई चहा घेतल्याशिवाय सोडेनात. त्यांचीही भांडी बांधून झाली होती, त्यामुळे एकाच स्टीलच्या पेल्यातून आम्ही दोघी आळीपाळीने प्यायलो. "रडायचं नाही हं, टेम्पोवाला वेटिंग लावेल," त्या म्हणाल्या आणि स्वतःच रडल्या. आता त्या विरारला मुलाकडे असतात.

इथे बाविसाव्या मजल्यावर तक्रारीला जागा नाही. पाणी दिवसभर, लिफ्ट दोन, खिडकीतून माझगावच्या गोदीतल्या क्रेन दिसतात. पहिल्या आठवड्यात सवयीने दुपारी दार उघडं टाकलं, तर सिक्युरिटीवाला धावत वर आला, "मॅडम, सब ठीक है ना?" इरा, हे सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. परत सांग म्हणालीस आणि रेकॉर्ड केलंस. तिथेच तुझा विषय ठरला, चाळीतून टॉवरमध्ये गेलेली माणसं. पीएच.डी.चं फील्डवर्क मुंबईत, वर्षभर, मुक्काम माझ्याकडे. मी लहान खोलीतलं कपाट रिकामं केलं, खिडकीशी टेबल लावून घेतलं.

एम.ए. संपता संपता तुला त्या कंपनीची नोकरी आली. लोकांच्या घरी जाऊन ते फोन किंवा वॉशिंग मशीन कसं वापरतात ते बघायचं. तुमची आई म्हणाली, "आई, ती तुझंच ऐकेल. नोकरी की पीएच.डी., तूच सांग तिला."

निहार, अँथ्रो ही बेकारीची डिग्री, असं तू इराला चिडवतोस. त्यातलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण मानववंशशास्त्रात मीही एम.ए. केलं. माझे बाबा म्हणायचे, "माणसं बघायला फी कशाला भरायची? गॅलरीत उभी राहा." वरळी कोळीवाड्यात प्रश्न विचारत हिंडायचे तेव्हा एका मावशीने वाळतं म्हावरं उलटता उलटता विचारलं होतं, "बाय, तुला घरान काय काम नाय का गो?" कॉलेजात क्वचित एखादी जागा निघायची, म्युझियममध्ये तीही नाही. शेवटी दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी रिटायर झाले. शाळा मला आवडायची. तरी अनोळखी घरात बसून "तुमच्याकडे हे कसं करतात?" एवढं विचारायचा कोणी पगार दिला असता, तर मी धावत गेले असते.

पीएच.डी.नंतर आजही वर्षावर्षाची कंत्राटं आणि दरवेळी नवं शहर, हे तूच मला सांगितलंस. म्हणून मी म्हणाले, "नोकरी घे." तू घेतलीस, आणि मुंबईचं वर्ष गेलं.

आता उत्तर. चालेल, पण सोपं जात नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे पोळ्यांच्या बाई, आणि त्यांनाही पुढच्या घरी जायची घाई असते. माझ्यासाठी ये म्हटलं असतं तर तू आली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच म्हटलं नाही. आजीला सोबत हवी म्हणून कोणी प्रबंध लिहू नये.

घरचा पत्ता विचारला की मी परळचा देते. गिरगावात आता पत्र्याचं कुंपण आहे. माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगली. पण कोणत्या खोलीत कोण राहायचं, बाळंतिणीला डबा कोण न्यायचं, भांडण विकोपाला गेलं की कोणाला हाक मारायची, हे सगळं मला अजून आठवतं.

— आजी