चांदीचे डोळे ठेवून गेलेला चोर

सन २०१२. तेव्हा माझं वय छप्पन्न, शिक्षण चौथी. शिपायाचा सहायक फौजदार झालो तो स्वतःच्या हिमतीवर, हे कुणी न विचारताही मी सांगायचो. आता पुष्कळ केसेस विसरलो, पण ही डोक्यातून गेलेली नाही.

वेल्ह्याकडच्या एका गावातून तक्रार आली, देवीचा तांदळा चोरीला गेला. तांदळा म्हणजे शेंदूर लावलेला नारळाएवढा दगड. ते गाव धरणात गेलेलं, वर माळावर पुन्हा वसलेलं. पाच दिवसांनी संगमरवरी मूर्ती बसायची होती आणि जुना तांदळा धरणाच्या पाण्यात सोडायचा, असं ठरलं होतं.

पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. देवीचे चांदीचे डोळे काढून चौथऱ्यावर नीट ठेवलेले. चांदी सोडून दगड नेणारा चोर मी पाहिला नव्हता. तरी किल्ली गुरवाकडे, म्हणून मी गुरवालाच ठाण्यात आणला.

"कुलूप तुझं, किल्ली तुझी. मग देवी काय पायानं चालत गेली?"

"तिची मर्जी, साहेब. म्या नेली न्हाई."

दिवसभर बसवला, आवाज चढवला, नाही नाही ते बोललो. त्याचं उत्तर तेच. संध्याकाळी सोडावा लागला. गावानं सांगून टाकलं, उद्या तांदळा आला नाही तर याची पूजा काढून घेणार. पिढ्यान् पिढ्यांची पूजा. बिचारा मान खाली घालून एसटीत चढला.

सकाळी त्या गावाकडे जाताना वाटेत विंझरला चहाला थांबलो. शेजारचा दुकानदार हसत म्हणाला, "सायेब, एक गंमत ऐका. त्या गावातली म्हातारी, देवळात झाडलोट करती ती. औंदा तिचं भात लई पिकलं. आन काल तांदूळ नेला माझ्याकडनं! म्हनती, दात न्हाईत, जुना तांदूळ मऊ लागतो."

माझा चहा कपातच राहिला. मी भातखाचरात वाढलेला माणूस. मऊ शिजतो तो नवा तांदूळ, जुना मोकळा होतो. म्हातारी खोटं बोलत होती.

महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन तिचं घर गाठलं. कोपऱ्यात भाताची कणगी, वर धुतलेलं लुगडं झाकलेलं.

"मावशी, घरात एवढं भात असताना विकतचं का खाता?"

"कनगीला हात कसा लावू? वर कोन बसलंय, ठावं हाय का तुला?" तिनं लुगडं बाजूला केलं, तर भातावर तांदळा. "पानी चढलं तवा छातीएवढ्या पान्यातनं माझ्या मालकानं हिला डोक्यावर आनली. घर गेलं, जुनी खाचरं गेली, मसनवटा सुदिक गेला. ही एकली वर आली. आन आता हिला त्याच पान्यात सोडायची? गुरवाकडनं किल्ली म्या मागून घेतली. त्याला काय बोलू नगस."

म्हणजे गुरवाला सगळं माहीत होतं. माझ्या शिव्या खाल्ल्या, पण म्हातारीचं नाव घेतलं नाही.

दुपारी गाव जमलं. म्हातारीनं तांदळा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आपल्या हातानं हिला पान्यात कोन सोडनार? त्यानं हात वर करावा." विसर्जनासाठी सर्वांत मोठ्यानं बोलणारा देवळाच्या ट्रस्टचा अध्यक्ष लहानपणी त्याच पाण्यातून बाहेर आलेला. तो जमिनीकडे बघत बसला. एकही हात वर गेला नाही. तांदळा मूर्तीच्या शेजारीच ठेवायचा ठरला. गुरवाची पूजा राहिली, तक्रार मागे घेतली. मी डायरीत नोंद केली, वस्तू गावातच मिळून आली.

जमीन गेली त्याचा मोबदला कागदावर ठरतो. पण आपण मूळचे कुठले, हे कुठल्या कागदावर मिळतं? त्या लोकांचा सातबारा तो दगड होता. हे मला शाळेनं शिकवलं नाही, खात्यानंही नाही. एका बिनदाताच्या म्हातारीनं आणि तोंड बंद ठेवणाऱ्या गुरवानं शिकवलं. त्या दोघांचे उपकार मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यात गुरवाच्या दारात गेलो. उभ्या नोकरीत मी कुणाची माफी मागितली नव्हती, आणि तेव्हाही नुसताच चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिलो. त्यानं एकदा बघितलं आणि पाट मांडला. "बसा साहेब. मावशीनं नवा तांदूळ धाडलाय." मी बसलो आणि तो मऊ भात पोटभर जेवलो.