पाण्याचा थेंबही लागला नव्हता

आमच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरचा वॉरंटी क्लेम कंपनीनं फेटाळला, तेव्हा तिच्याशी भांडायला अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतका लायक माणूस नव्हता. निदान माझं तरी तसं मत होतं. मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो आणि 'ग्राहकाचे हक्क' हा धडा इतक्या तळमळीनं शिकवतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात (तास संपताना का होईना).

स्कूटर खरं तर बायकोची. वैशाली राधानगरी रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिची निम्मी नोकरी एसटीची वाट बघण्यात चालली होती, म्हणून ही गाडी घेतली. आकाशी रंगाची, आवाज अजिबात नसलेली. घरी आणली त्या दिवशी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तिला हळदकुंकू लावलं, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गरीब हाय."

जनावराला गरीब म्हणतात ते लाथ मारत नसलं की. हे मला माहीत होतं. पण मी त्यावर विचार केला नाही.

आप्पा मुरगूडचे. आई गेल्यावर ते एकटे पडले, तेव्हा मी त्यांना गंगावेशीजवळच्या आमच्या घरी आणलं. येण्याआधी त्यांनी शेत वाट्यानं दिलं आणि म्हैस विकली. इथं आल्यावरही ते पहाटेच उठायचे आणि बाहेर जाऊन यायचे. मी उठेपर्यंत ते परत येऊन पेपर वाचत बसलेले असायचे. फिरायला जात असतील, असं मी धरून चाललो होतो.

गाडी मात्र कायम लख्ख असायची. वैशालीला वाटायचं मी पुसतो, मला वाटायचं ती पुसते. दोघंही मनातल्या मनात एकमेकांचं कौतुक करत होतो, त्यामुळं घरात बरीच शांतता होती.

अशातच ऐन उन्हाळ्यात एका सकाळी रंकाळ्याजवळ गाडी बंद पडली. ढकलली, समजावली, चार अनोळखी माणसांनी चार बटणं दाबून बघितली. शेवटी टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला नेली आणि वैशाली पुन्हा एसटीच्या वाटेला लागली.

तिथला मॅनेजर तरुण आणि कमालीचा सभ्य होता. (भांडायला आलेल्या माणसाला सभ्य मॅनेजर मिळणं यासारखं दुर्दैव नाही.)

"सर, क्लेम रिजेक्ट झालाय," तो म्हणाला. "बॅटरीत पाणी गेलंय. ते वॉरंटीत बसत नाही."

"पाणी? गाडी घेतल्यापासून पाऊस तरी पडलाय का?"

"पावसानं इतकं जात नाही सर. गाडी पाण्यात उभी केली होती का कुठं?"

मी हसलो. कीव आल्यासारखं हसणं मला चांगलं जमतं. "अहो, पाण्याचा थेंबही लागलेला नाही गाडीला. आमच्या घरात गाडी कोरड्या फडक्यानं पुसतात."

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. बॅटरीच्या खोक्यात हिरवट काहीतरी चिकटलं होतं. "हे शेवाळ आहे, सर."

"तुमच्या वर्कशॉपमधलं असेल."

मग त्यानं आतून एक वाटी मागवली. वाटीत थोडं पाणी होतं आणि पाण्यात एक बारकी गोगलगाय. "ही पण खोक्यातच होती," मॅनेजर म्हणाला. "जिवंत आहे."

इथं कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "म्हणजे कंपनीतूनच आली. हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे."

मागं रांगेत उभे असलेले लोक खूश झाले. "बराबर हाय पावणं, सोडू नका," एकजण म्हणाला. त्या पाठिंब्यानं मी असा काही चढलो की ग्राहक मंच, वर्तमानपत्र आणि कॉलेजचे माजी विद्यार्थी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. निघताना मी सांगितलं, "उद्या वडिलांनाच घेऊन येतो. गाडी घरी असते तेव्हा त्यांच्याच नजरेसमोर असते. म्हातारा माणूस खोटं बोलणार नाही, एवढं तरी मानाल?"

"मानू की सर," मॅनेजर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून तयार झाले. वैशालीची सुट्टी होती, तीही आली. तिच्या गाडीवर अन्याय झालाय आणि आपण तिच्या बाजूनं बोलायचंय, एवढंच मी आप्पांना सांगितलं होतं. काय बोलायचं ते सांगितलं नाही. खरं बोलणाऱ्याला काय शिकवायचं?

"आजोबा, गाडीची देखभाल कशी ठेवता तुम्ही?" मॅनेजरनं विचारलं.

आप्पा खुर्चीत सरसावून बसले. "पोटच्या पोरागत. रोज सकाळी नदीवर नेतोय की तिला."

"कुणाला?" मी विचारलं.

"गाडीला. चालवाय येत न्हाय मला, म्हणून हाताला धरून नेतो. गर्दी नसती तवा. पंचगंगेच्या घाटाला पाण्यात उभी करायची, नारळाच्या काथ्यानं अंग घासायचं, पोटाखालनं चांगलं पाणी मारायचं. पोटाखाली लई घाण बसती बघा."

"आप्पा," मी म्हणालो.

"थांब, सांगू दे मला. इतका जीव कोण लावत न्हाय गाडीला. घटकाभर पाण्यात डुंबू देतो आणि मग उन्हाला आणतो." मग मॅनेजरकडं वाकून ते हळूच म्हणाले, "आडवी न्हाय करत हां. उभीच असती."

कालचा माझा पाठीराखा आजही रांगेत होता, त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. वैशालीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी टेबलावरच्या माहितीपत्रकातला गाडीच्या रंगांचा तक्ता अतिशय लक्षपूर्वक वाचत होतो.

मॅनेजर मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "आजोबा, घरी म्हैस होती?"

"व्हती. विकली."

एवढं बोलून आप्पा थांबले. त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं, मग वाटीतल्या गोगलगायीकडं. काय झालंय ते त्यांच्या ध्यानात आलं तो क्षण मला अजून दिसतो. एवढा वेळ ताठ बसलेला माणूस खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाला.

"पाण्यानं बिघडली व्हय ती?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरनं वाटी हळूच बाजूला सरकवली.

घरी आल्यावर आप्पांनी आपली पिशवी काढली आणि धोतरं भरायला घेतली. "मुरगूडला जातो," म्हणाले. "हितं माझ्या हातनं नुसकानच हुतंय."

मी दारात उभा होतो. ग्राहकाच्या हक्कांवर मी न थांबता कितीही बोलू शकतो, पण स्वतःच्या बापाला 'जाऊ नका' म्हणायला मला शब्द सापडेना. शेवटी मी भलतंच बोललो. "रोज नदीवर जात होता, तर मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा?"

त्यात राग नव्हता. खरोखरच मी कधी विचारलंय का, हे ते आठवून बघत होते. मीही आठवून बघितलं.

वैशाली आत आली आणि तिनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. पेशंटच्या हातातला तंबाखूचा पुडा काढून घेतात, तशी. "आप्पा, बॅटरी आपण नवीन घालू. पण तिला रोज संध्याकाळी चार्जिंगला कोण लावणार? ह्यांच्या ध्यानात राहत नाही. तिच्या वैरणीचं काम तुमचं."

आप्पांनी विचारलं, "किती घालायची?"

"पोट भरलं की हिरवा दिवा लागतो. मग बंद करायचं."

"हां. म्हंजी जास्ती झालं तर फुगती," आप्पा म्हणाले आणि पिशवीतनं एक धोतर बाहेर काढलं.

क्लेम काही मंजूर झाला नाही, बॅटरी आमच्याच खिशातून आली. आता आप्पा संध्याकाळी चार्जर लावतात आणि हिरवा दिवा लागेपर्यंत गाडीशेजारी पाट टाकून बसतात. तिच्याशी ते काय बोलतात, ते मी विचारलेलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या, हेही मला हल्ली कळायला लागलंय.

पण सकाळी त्यांचे हात मोकळे राहायचे. ते घाटावर एकटेच जायचे आणि लवकर परत यायचे. म्हणून एके दिवशी मी गजर लावून उठलो आणि त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत बरं वाटत होतं.

घाटावर दोघं-तिघं म्हशी धूत होते. त्यातल्या एकानं हाक मारली, "आप्पा, आकाशी कुठाय? आणि हे पावणं कोण?"

"माझा पोरगा," आप्पा म्हणाले. "डॉक्टरनं तिला पाणी बंद केलंय, म्हणून ह्याला आणलाय."

त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "गरीब हाय का?"

"गरीब हाय," आप्पा म्हणाले. "पण सकाळचा लवकर सुरू हुईत न्हाय."

मी मुकाट्यानं शर्ट काढला आणि पाण्यात जाऊन उभा राहिलो.