डाव्या हाताचं बेचाळिसावं घर

११ फेब्रुवारी २०२२ रोजी टाव्हॅरिस पेटिग्रूने इंटरनेटवरून एक बीट भाड्याने घेतला, एकोणतीस डॉलर नव्व्याण्णव सेंटला. पावती माझ्याकडे आहे, कारण त्याचं करपत्रक मीच भरतो. मेम्फिसच्या ऑरेंज माउंडमध्ये, लॅमार अव्हेन्यूवरच्या लाँड्रीला लागून माझी हिशेबाची खोली आहे. शिवाय आमच्या चर्चचा मी खजिनदार. त्यामुळे हा मुलगा मला दोन्हीकडून ठाऊक.

बीट म्हणजे गाण्याखालचा तयार ताल. आमच्याकडची रॅप करणारी सगळी पोरं तो असाच घेतात. ऐकायचा, आवडला की पैसे भरायचे, 'मान्य आहे' वर बोट दाबायचं. खालच्या बारीक अक्षरांपर्यंत कुणी जात नाही. मीही गेलो नाही. पावती 'साहित्य खर्च' या सदरात लावली आणि फाईल बंद केली.

टाव्हॅरिसला सगळे टे म्हणतात. गाण्यावर नाव 'कार्न्स टे', कारण तो कार्न्स अव्हेन्यूवर वाढला. त्याला वाढवलं त्याच्या आईच्या मावशीने, ओडेसाने. तिला तो आंटी म्हणतो. चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या राहणाऱ्या, आलेल्याला जागा दाखवणाऱ्या सात बायकांपैकी ती एक. रस्त्यात कुणी आजारी पडलं की ओडेसा ताट झाकून निघायची आणि टे तिच्यामागे. कार्न्सवरचं असं एक घर नसेल, ज्याच्या पायरीवर तो मुलगा बसला नाही.

ईस्टरला आमच्या चर्चमध्ये प्रत्येक मुलाने एक छोटं भाषण पाठ म्हणायचं असतं. टे सात वर्षांचा होता. त्याने आपलं म्हटलं आणि जागेवर जाऊन बसला. पुढची मुलगी चौथ्या ओळीला अडली. टेने बाकावरूनच पाचवी ओळ सांगितली. त्यानंतरचा अडला, त्यालाही सांगितली. सव्वीस मुलं होती आणि टेने ती भाषणं फक्त आदल्या दिवशीच्या तालमीत ऐकली होती. शेवटी मदर प्रुइट, आमच्या चर्चमधली सर्वांत वडील बाई, मागे वळून म्हणाली, "ओडेसा, या पोराला एक तर उपदेशक कर, नाहीतर याचं तोंड शिवून टाक."

"दोन्ही करून बघितलं, मदर," ओडेसा म्हणाली. "टाके टिकत नाहीत."

टे मोठा झाला, विमानतळाजवळच्या एका गोदामात पार्सलं उतरवू लागला. पार्सलं उतरवता उतरवताच तो गाणी रचायचा. कागद नाही, फोनमध्येही काही टिपलेलं नाही. त्याचा मित्र बिग मॉन्टे घरातल्या कपाटात माइक टांगून ती ध्वनिमुद्रित करायचा.

त्या एकोणतीस डॉलरच्या बीटवर त्याने रचलं ते 'डावी बाजू'. कार्न्सच्या डाव्या हाताची एकेचाळीस घरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येकाचा नंबर, आत कोण राहायचं, दारात काय असायचं. कुणाची तीन चाकांवर उभी राहिलेली गाडी, कुणाचं पिठाचे हात पुसत बाहेर येणं, कुठल्या जाळीच्या दाराचा आवाज कसा. माझ्या खोलीत खुर्चीवर बसून त्याने ते पहिल्यांदा म्हणून दाखवलं, तेव्हा मी एका कंपनीची बेरीज करत होतो. ती बेरीज मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. ऐकताना मी त्या रस्त्याने चालत गेलो होतो. माझ्या शिक्षिकेचं घर आलं, तिचा कुत्रा आला. तो कुत्रा टेच्या जन्माआधी मेला होता.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आंटी ताट द्यायला गेली की दारात तासभर बोलायची, मिस्टर टीग. मला दुसरं काय काम होतं?"

वर्षभरात ते गाणं आठ लाख सत्तर हजार वेळा ऐकलं गेलं. मार्च २०२३ मध्ये अटलांटाच्या एका कंपनीने त्या गाण्यासाठी करार पाठवला. टेने गोदामाला राजीनामा दिला आणि कागद घेऊन माझ्याकडे आला. करारात एक कलम होतं, बीटचा हक्क गायकाकडे असल्याचा पुरावा जोडा. तेव्हा मी ती जुनी पावती काढली आणि बारीक अक्षरं वाचली. भाडं फक्त एक लाख वेळा ऐकण्यापुरतं होतं. त्यापुढे नवा परवाना.

बीट बनवणारा नॉर्वेतला एकोणीस वर्षांचा पोरगा निघाला. त्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य: क्षमस्व, डिसेंबरमध्ये हा बीट टेक्सासच्या एका गायकाला कायमचा विकला आहे. पाठोपाठ त्या गायकाच्या वकिलाची नोटीस. दहा दिवसांत गाणं उतरवा.

टेने नोटीस उलटी करून माझ्या टेबलावर ठेवली. "म्हणजे माझी घरं आता त्याची?"

"घरं तुझीच. खालची जमीन त्याची."

"मग घरं ठेवू कुठं, सर?"

मॉन्टेने चार दुसरे बीट लावून पाहिले. शब्द बसेनात. सगळे श्वास त्या एकाच बीटच्या मापाने कापलेले होते. दुसऱ्या दिवशी टेचा घसा बसला आणि मॉन्टे म्हणाला, "भाऊ, हे गाणं मेलं. दुसरं कर."

"एवढी घरं मी पुन्हा कुठून आणू?" टे म्हणाला.

रविवारी ओडेसाने चर्चच्या पायऱ्यांवर ही हकिगत सांगितली. मदर प्रुइट तेव्हा एक्याण्णव वर्षांची होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "नेमकं काय गेलं म्हणतोस?"

"खालचा ताल, मदर," टे म्हणाला.

"आणि तुझे पाय?"

"आहेत."

"ओडेसाचे?"

"ते तर गुडघ्यासकट दुखतायत," ओडेसा म्हणाली.

"दुखतायत म्हणजे आहेत. शनिवारी दुपारी सभागृह उघड, टीग."

आमच्या सभागृहाची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची आहे, खाली पोकळ. तिथे पाय आपटला की छातीत वाजतं. शनिवारी सातही बायका आल्या, हातमोजे घालून, कारण हातमोज्यांशिवाय आपण कामावर असल्यासारखं वाटत नाही असं त्यांचं म्हणणं. मॉन्टेने दोन माइक जमिनीलगत लावले.

"बाळा, जमिनीच्या तोंडाशी माइक कशाला?" मदर प्रुइटने विचारलं. "ती बोलणार आहे होय?"

"आज बोलेल, मदर."

"बोलली तर तिला सांग, मला ओळखते ती. सत्तर वर्षं तुडवलीय तिला."

मदरही हातमोजे घालून आली होती, पण ती खुर्चीत बसून राहिली. आधी तिची टाच पडली. मग ओडेसाची, मग बाकीच्यांच्या, आणि वरून टाळ्या. हातमोज्यांमुळे टाळीचा आवाज मऊ येत होता, दुरून कुणी गालिचा झटकावा तसा. टेने डोळे मिटले. पहिलं घर, दुसरं, तिसरं. त्या बायका त्याचा श्वास ऐकत होत्या. तो जिथे दम घेई तिथे पाय अर्धा क्षण थांबत आणि पुन्हा पडत. नॉर्वेच्या पोराच्या बीटने त्याच्यासाठी असं कधी थांबून पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभा होतो आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

एकोणिसाव्या घरानंतर मदर प्रुइटची टाच थांबली. मग सगळ्यांच्याच.

"पंचवीसशे अठ्ठ्याऐंशी कुठं गेलं?" ती म्हणाली.

"तिथं मोकळा प्लॉट आहे, मदर. गवत आहे."

"गवताच्या आधी?"

टेने नकारार्थी मान हलवली.

"माझी बहीण राहायची तिथं. लुसील. भागातल्या सगळ्या चर्चच्या गायकांचे झगे ती इस्त्री करायची. शनिवारी ओसरीवर टांगून ठेवायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, अख्खा गायकवृंद ओसरीवर येऊन उभा राहिलाय. अठ्ठ्याहत्तर साली घर जळलं. ती बाहेर आली, झगे राहिले." मदरने त्याच्याकडे पाहिलं. "चाळीस घरं सांगितलीस तरी चालेल. पण ते सोडून डावी बाजू म्हणू नकोस."

मॉन्टे माझ्या कानाशी म्हणाला, "संपलं. हा आता घरी जाऊन आठवडाभर रचेल, आणि आपल्याकडे एकच दिवस आहे."

टे जागचा हलला नाही. ओठ मिटलेले, हनुवटी जरा खाली. भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा सेकंद मोजले. मग तो म्हणाला, "एकोणीसपासून घ्या, आंटी." पाय पडू लागले. एकोणिसावं घर झालं, आणि त्यापुढे, एक ठोकाही न चुकता:

पंचवीसशे अठ्ठ्याऐंशी, आज गुडघाभर गवत,
शनिवारी ओसरीवर झगे उभे हवेत झुलत,
मिस लुसीलची इस्त्री गरम, कॉलर कडक, बाही ताठ,
वारा आला, झगे गायले, थांबली सारी वाट.

अकरा सेकंदांपूर्वी हे जगात कुठेच नव्हतं. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं. जमेला काही यायचं तर ते कुठून तरी आलेलं असावं लागतं. हे कुठून आलं, ते मला आजही दाखवता येणार नाही.

मदर प्रुइटची टाच तेवढी पडत नव्हती. तिने एक हातमोजा काढला, डोळ्यांवर धरला आणि पुन्हा चढवला. टे जरा अडखळतोय असं दिसताच ती ओरडली, "थांबतोस काय? पुढं चल! माझं घर यायचंय अजून!"

शेवटपर्यंत बेचाळीस घरं झाली. त्यानंतर तळलेला कॅटफिश आणि स्पॅगेटी खाऊन लोक घरी गेले.

दहाव्या दिवशी सकाळी जुनं गाणं उतरलं आणि त्याच जागी नवं चढलं. अटलांटाच्या कंपनीने कळवलं की हे फार चर्चसारखं वाटतं, गाडीत वाजवण्याजोगं नाही, करार रद्द. एप्रिलमध्ये टे गोदामात परत रुजू झाला. पहिल्या महिन्यात नवं गाणं सहाशे तीन वेळा ऐकलं गेलं, आणि ओडेसाच्या मते त्यातल्या दोनशे मदर प्रुइटच्या.

मग ते शिकागोला गेलं, डेट्रॉइटला गेलं, जिथे जिथे कार्न्स सोडून गेलेली माणसं होती तिथे. शरद ऋतूत इथल्या एका शाळेच्या मुलांनी फुटबॉलच्या सामन्यात लोखंडी पायऱ्यांवर पाय आपटून ते म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये टेने गोदाम कायमचं सोडलं. गेल्या वर्षी तो तेरा शहरांत गायला. कुठेही बीट घेऊन जात नाही. आधी कळवतो, तुमच्याकडच्या चर्चच्या सात बायका आणि लाकडी जमीन लागेल. आणि त्या बायकांना वादकांइतकाच मोबदला देतो. सगळे करार तो माझ्याकडे आणतो. बारीक अक्षरं आता आम्ही दोघं मोठ्याने वाचतो.

त्या शनिवारी सभागृहाच्या स्वयंपाकघराजवळची एक फळी तडकली. बदलायला छप्पन्न डॉलर लागले. टेने चाळीस दिले. सोळा डॉलर त्याच्याकडून चर्चला अजून येणे आहेत.