पडद्यावरची मधली रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही माझ्या गावचे नाही, एवढंच असेल.

मला विमान चालवायची हौस. खरं विमान कोण हातात देणार? म्हणून कॉम्प्युटरवरचं. कळंबजवळच्या आमच्या घरात कापूस भरायची खोली होती. बोंडअळीच्या त्या वर्षांत भरायला कापूस होताच कुठे? — तिथेच मी अर्धगोल पडदा उभारला. तीन प्रोजेक्टर, तीन चित्रं, आणि ती जुळून खुर्चीभोवती एकच आभाळ दिसायला हवं. लोक हसायचे. हौसेला मोल नसतं, म्हणायचो मी.

मदतीला सुदाम होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा तो मला ‘तू’ म्हणायचा. माझ्या शेतात फवारणीला यायला लागला, तसा ‘भाऊ, तुमी’ म्हणू लागला. मी कधी अडवलं नाही.

चित्रं जुळवायची तर आधी पडद्यावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा टाकतात. एकाने खुर्चीत बसून सांगायचं, दुसऱ्याने शिडीवरून प्रोजेक्टर हलवायचा. खिडक्यांना काळं प्लास्टिक लावून त्या दुपारी आमचं तेच चाललं होतं. सकाळभर सुदाम माझ्या कपाशीत फवारून आला होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आणि याच्या तोंडाला साधा दुपट्टा.

“भाऊ, मधातली रेघ दोन-दोन दिसून राह्यली.”

मी प्रोजेक्टर हलवला. पुन्हा तेच. इकडे, तिकडे, फिरून पहिल्या जागी — तरी तेच! मी चिडलो, खाली उतरलो आणि स्वतःच खुर्चीत बसलो.

रेघ एकच होती.

मग मी सुदामकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, सदरा घामाने चिंब, ओठाच्या कडेला लाळ. फवारणाऱ्यांना विषबाधा होत असल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. मला कळलं — तिथेच, त्याच वेळी कळलं. आणि पंपात दोन औषधं एकत्र करायला कुणी सांगितलं होतं? मीच. दवाखान्यात नेलं असतं, तर पहिला प्रश्न काय आला असता? शेत कोणाचं?

“मशीनच बिघडली रे,” मी म्हणालो. “तुह्यं बरोबर हाये. जाय, घरी जाऊन झोप.”

माझी गाडी दारातच उभी होती. तो पायी गेला.

सकाळी त्याला शुद्ध नव्हती. यवतमाळला नेलं. जीव वाचला, डोळे गेले. “आदल्या दिवशी समजलं असतं तं...” म्हणून त्याची बायको रडायला लागली, तेव्हा तिला धीर कुणी दिला? — मी. लाज वाटली, पण दिला.

आता तो घरासमोर बाजेवर बसलेला असतो. माझा आवाज ओळखतो, आणि हटकून विचारतो, “भाऊ, सुदरली का तुमची मशीन?”

“नाई रे. तशीच हाये.”

मग तो शेजारी बसलेल्याला सांगतो, “त्या दिवशी माहे डोये चांगलेच होते. इचारा भाऊले.”

मी हो म्हणतो.