एफ-वन दाबा आणि चहाला जा

मोखाड्यात आमच्या भागात संगणक दुरुस्त करणारी एकच बाई आहे, रंजना भोये. मूळची इथल्याच डोंगरातल्या वांगणी पाड्याची. आईबाप दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि तिलाही न्यायचे, त्यामुळे सहावी तिने तीनदा सुरू केली. पुढे आश्रमशाळेत राहून शिकली, ठाण्यातल्या एका दुकानात सहा वर्षं कॉम्प्युटर खोलले आणि परत येऊन एसटी स्टँडजवळ टेबल मांडलं. लोक अजून तिलाच विचारतात, दुरुस्तीवाला कुठे गेला? ती म्हणते, समोरच बसलाय.

मी एका सरकारी ऑफिसात कारकून. कोणत्या, ते सांगत नाही. सांगण्यासारखं आम्ही काही केलेलं नाही. रोजगार हमीच्या कामाची मागणी आमच्याकडे ऑनलाइन भरतात; मागणीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता. पावसाळ्यात ऑफिसातल्या संगणकाचा मदरबोर्ड जळला. ठेकेदाराच्या माणसाने नवा बसवला, पडदा उजळताच सही घेतली, वर 'सील तोडू नये' असा कागद चिकटवला आणि गेला. तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर तक्रार यायची, आतला पंखा चालत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. ते दाबायचं आणि सगळ्यांनी चहाला जायचं, असा रिवाजच पडला. वीस मिनिटांनी संगणक सुरू व्हायचा, पण साइट उघडायची नाही. कोपऱ्यात २०१८ साल दिसायचं. ते मी रोज बघत होतो आणि खिडकीत आलेल्याला सांगत होतो, सर्व्हर डाऊन आहे.

वांगणीची हौशी तीनदा आली. गावातच काम मिळालं तर पोरांची शाळा सुटणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. भट्टीवाल्याची गाडी सोमवारी येणार, असंही तिने सांगितलं. मी तिचा अर्ज खणात टाकला.

बुधवारी रंजना आईच्या दाखल्यासाठी आली. पडद्यावरचं वाचून म्हणाली, हे किती दिवस चाललंय? चार महिने, मी म्हटलं. तिने प्लग काढला आणि सील फाडलं. परवानगी कुणाची म्हणत साहेब केबिनमधून धावत आले. तिने मान वर केली नाही. पंख्याची वायर भलत्याच पिनांना लावलेली होती, ती जागेवर लावली. तारीख धरून ठेवणारा बटणाएवढा सेल मेला होता; पर्समधून नवा काढून घातला आणि तारीख आजची केली, कारण साल चुकलं की साइट उघडतच नाही. संगणक सुरू होताना आधी नेटवर्क धुंडाळत बसायचा आणि मग हार्ड डिस्ककडे वळायचा. तो क्रम तिने बदलला. पुढच्या खेपेला मिनिटाच्या आत सुरू झाला. साइटही उघडली.

एका सेलपायी चार महिने! कागदाचं सील तुटेल म्हणून अख्ख्या ऑफिसने डोंगर उतरून आलेली माणसं परत पाठवली, आणि त्यात पहिला मी.

साहेब खूश झाले. राहिलेल्या मागण्या भरून टाक म्हणाले. मी खणातला वरचा अर्ज काढला. रंजनाने नाव वाचलं.

"ही परवाच गेली, भाऊ. पोरांना पण घेऊन. गाडीत बसताना मला बोलली, सर्व्हर नाय."

साहेब म्हणाले, आजची तारीख टाक, उशीर दिसायला नको. रंजनाने अर्जावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"ती आली तवाची टाक."

तिचं बोट तिथेच होतं. मी आजची टाकली.