विहीणबाईंसाठी एक नम्र वाक्य

भिलाईतील रिसाली व परिसरातील तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पन्नाशी उलटलेल्या एका इसमाने स्पॅनिश भाषेतला संकेतार्थ शिकून घेतला आहे. कृपया कोणीही घाबरून जाऊ नये.

तो इसम मी. आमच्या मुलीनं माद्रिदला नोकरी धरली, मग तिकडचाच नवरा धरला, आणि आता तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिच्यासोबत भिलाईला येणार होत्या. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. मी मुलीला फोनवर बजावलं, "पहिल्या जेवणाला एक वाक्य मी स्वतः बोलणार. तू मध्ये पडायचं नाही."

"चलेगा बाबा, पण 'पाहिजे का' असं सीधा नका विचारू. थोडं अदबीनं."

अदब म्हणजे संकेतार्थ. बनवायला सोपा. क्रियापद अख्खंच्या अख्खं उभं ठेवायचं आणि यार्डात वॅगन जोडतात तसा मागून 'ईआ' जोडायचा. 'कोमेर' म्हणजे खाणे. 'कोमेरीआ' म्हणजे खाल्लं असतं बुवा, कोणी आग्रह केला असता तर. काही क्रियापदं मात्र हट्टी. 'तेनेर'ला डबा जोडायला जावं तर ते मधूनच वाकतं आणि 'तेंद्रीआ' होऊन बसतं. त्यांना मी माफ केलं.

माझं वाक्य ठरलं: 'ले गुस्तारीआ उन पोको मास?' आपल्याला अजून थोडं आवडेल का?

सवय व्हावी म्हणून मी मराठी-हिंदीतही तसंच बोलू लागलो. आमच्या पोलाद प्लांटच्या कँटीनमध्ये म्हणालो, "एक समोसा मिल सकता, तो अच्छा होता." कँटीनवाला झारा हातात धरून थांबला. "मिल तो जाएगा साहब. आप लोगे कि नहीं?"

घरी बायकोला म्हणालो, "चहा मिळाला असता तर मला आवडलं असतं."

"चहा पाहिजे का नाई ते सांगा. नाटक कावून करून राहिले?"

मी तिला विहीणबाईंचं वाक्य ऐकवलं, अर्थही सांगितला. ती हसली नाही, तिला दया आली. "इचारून कोनी वाढते का? तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पाहुणी उपाशी राहीन."

तो दिवस आला. पाटवडीचा रस्सा, भात, वर तुपाची धार. विहीणबाई तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत, पण मन लावून जेवत होत्या. त्यांचं ताट रिकामं होताना दिसलं तसा मी घसा साफ केला, पाठ सरळ केली. "ले गुस्ता..."

बायकोनं पळीभर रस्सा वाढला.

मी पुन्हा दबा धरला. पुढच्या खेपेला 'उन पोको'पर्यंत पोचलो आणि भात पडला. शेवटी विहीणबाईंनी ताटावर आडवा हात धरला. आमच्याकडे ताटावरच्या हाताचा अर्थ एवढाच की आग्रह करा. बायकोनं तो हात हळूच बाजूला केला आणि वाढलं. मुलगी पदराआड तोंड लपवून हसत होती. माझं वाक्य घशातच शिळं झालं.

मग विहीणबाई उठल्या. मला वाटलं, रागावल्या. त्यांनी बायकोच्या हातातली पळी काढून घेतली, तिला खांदे धरून खुर्चीवर बसवलं आणि एक कोरं ताट तिच्यापुढे ठेवलं. आमच्याकडे घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. भाताचा डोंगर झाला. रस्सा झाला. वर तूप. बायकोनं घाईघाईनं ताटावर हात धरला. विहीणबाईंनी तो अगदी तिच्याच पद्धतीनं बाजूला केला आणि दुसरी पळी ओतली.

बायको माझ्याकडे वळली. "अवो, पाहत काय बसले? तुमचं ते इचारायचं वाक्य विहीणबाईले शिकवा ना."